निवृत्तीचं वय: सरासरी नेमकी कुणाची?
'सरासरी आयुर्मान वाढलंय, मग निवृत्तीचं वयही सरसकट वाढवा' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास बघा, १९६७ ला सुरू झालेला. बहुतेकांचं काम बैठं, पगार नियमित. तरी हुद्दा जितका खालचा, तितका मृत्युदर जास्त. म्हणजे सरासरीइतकं आयुष्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात आपल्याच कामावर आपला ताबा नसणं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. त्यात शाळा लवकर सुटलेला माणूस कामालाही लवकर लागतो. साठीला पोचेपर्यंत पदवीधरापेक्षा त्याची चार-पाच वर्षं जास्त राबून झालेली असतात. मग वयाऐवजी कामाची वर्षं का मोजू नयेत?