‘कळलं ना?’ आणि त्यावरचं ‘हो’ : तुमचे अनुभव

घर असो की ऑफिस, “कळलं ना?” विचारलं की समोरचा “हो” म्हणतो. न कळलेला तर जरा जास्तच ठासून म्हणतो. आपलं बोलणं पोचलं की नाही, हे तुम्ही कसं ताडता? प्रवचनं नकोत, घडलेलं लिहा.

निवृत्त मास्तर
रेल्वेत नुसत्या ‘हो’ला किंमत नव्हती. मी छोट्या स्टेशनावर होतो. गाडी यायच्या आधी फाटकावर फोन करायचा. गेटमनने फाटक बंद करायचं आणि मगच त्याच्याकडच्या छापील यादीतला पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगायचा. “सत्तेचाळीस. चार-सात.” मी तोच परत म्हणायचा, रजिस्टरात लिहायचा, त्याने यादीतला तो खोडायचा. ‘हो साहेब’ झोपेतही तोंडातून निघतं. आकडा निघत नाही, त्यासाठी उठून यादी बघावी लागते. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी तिकडे सोडायची परवानगी, घेतानाही नंबर असायचाच. रात्री तीनला दोन्हीकडची माणसं पेंगत असायची, तेव्हा या पद्धतीचं मोल कळायचं. आमची ही मात्र म्हणते, “कोथिंबीर आणायला सांगितली, नंबर देऊ का आता?”

गोळीवाली
माझं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीवर १-०-१ असतं, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका आजोबांना विचारलं, कशी घेणार? म्हणाले, “आज एक, उद्या सुट्टी, परवा एक.” तसं बघायला गेलं तर त्यांचं गणित चुकीचं नव्हतं! तेव्हापासून ‘कळलं का’ विचारणं सोडलं, ‘कशी घेणार ते सांगा’ म्हणते. आमवाताची मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. त्या पाकिटावर डॉक्टरांनी ठरवलेला वार मी मार्करने मोठ्ठा लिहिते आणि तो पेशंटकडून वदवून घेते. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

ठाणेकर सून
कल्पना छान, पण आमच्या सासूबाईंना “आई, मी काय सांगितलं ते सांगा बरं” म्हणून बघा कोणीतरी. महाभारत होईल.

माळरान
शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं, १०८ ला फोन मी लावला. मागून चारजण ओरडत होते, “लवकर या म्हणावं!” पलीकडची बाई शांतपणे गाव, तालुका, जवळची खूण विचारत होती आणि मी सांगितलेलं परत म्हणून दाखवत होती. तेव्हा राग आला होता. पण आमच्या नावाचं गाव शेजारच्या तालुक्यातही आहे. तिने तालुका पक्का केला नसता तर गाडी तिकडे गेली असती. आता घरात फोनजवळ पूर्ण पत्ता लिहून चिकटवलाय. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही धड सांगता येत नाही.

प्लायवाला
फोनवर ऑर्डर घेताना बारा एमएम की अठरा, हे सुटं बोलून घेतो : एक-दोन, एक-आठ. मागे गिरणी चालू असते हो!

चिंगी
नवराबायकोच्या भांडणात हे वापरू नये असं माझं ठाम मत. “म्हणजे तुझं म्हणणं असं की...” हे वाक्य ह्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. पहिल्यांदा बरं वाटलं. मग ते त्यात आपला मसाला घालायला लागले : “म्हणजे तुझं म्हणणं असं की माझी आई लबाड आहे.” मी असं कधी म्हणाले? आता आमच्याकडे एकच नियम, बोलताना मोबाइल पालथा. तेवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

गोळीवाली
@ठाणेकर सून, आमच्याकडेही ज्येष्ठ मंडळी चिडायची. मग बोट स्वतःकडे वळवलं : “काकू, मी घाईत बडबडले, काही राहिलं का बघू या, तुम्ही कशी घेणार सांगा.” कोणी चिडत नाही. काकू तर वर मलाच समजावतात, जेवणानंतर घ्यायची असते गं ही.