थेंबातलं फूल पुसट का येतं
पाण्याच्या थेंबात मागचं फूल दिसेल असा जवळून फोटो काढताना ‘थेंबाची कड कडक येते, पण आतलं फूल पुसटच, लेन्स बदलू का?’ या प्रश्नावर वर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बारीक करायचा सल्ला आलाय. त्यानं फरक पडतो, पण पुरेसा नाही. लेन्स मात्र बदलू नका. थेंब स्वतःच भिंग असतो आणि मागच्या फुलाची उलटी प्रतिमा थेंबाच्या आत नाही, तर कॅमेऱ्याच्या बाजूला, थेंबाच्या पुढे हवेत तयार होते. गोल थेंब ४ मिमीचा आणि फूल बरंच मागे असेल, तर ती पृष्ठभागापासून साधारण २ मिमी पुढे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं तर स्पष्ट पट्टा जेमतेम १ मिमीचा. कड पकडली की फूल सुटणारच! फोकस किंचित आपल्याकडे ओढा. दोन्ही हवं असेल तर फ्रेम्स स्टॅक करा, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडा. थेंबाच्या पाण्यात ग्लिसरीन घातलं तर प्रतिमा थेंबाजवळ सरकते, तेव्हा फोकस पुन्हा बघा.

आणि परभणी-जालन्याकडच्यांनी थेंब पाडायचा स्प्रे बाजूला ठेवून थंडीत भल्या पहाटे हरभऱ्यात शिरावं. पानांवरच्या बारीक लवेच्या टोकाटोकाला थेंब उभे असतात, अगदी सुटे सुटे, गोल. त्यात पानानं सोडलेलं मॅलिक आम्ल असतं. फडकं पसरून पिळून काढतात ती आंब हीच. म्हणून लेन्सच्या काचेला ते पाणी लागलं तर लगेच पुसा. ऊन चढायच्या आत उरका, वारा सुटला की लव हलते.