शब्दचर्चा: 'मोफत मजकूर', 'खुला मजकूर' आणि 'मुभा'

गंगावेस

कोल्हापुरात आम्ही काही मंडळी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन, फासे टाकत कथा रंगवायचा खेळ, मराठीतून खेळतो. नव्याने येणाऱ्या पोरांना इंग्रजी नियम जड जातात, म्हणून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम, म्हणजे एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१, मराठीत आणायचं काम चालू आहे. पुस्तिका झेरॉक्स काढून, स्पायरल बांधून वाटायची आणि पीडीएफ ज्याला हवी त्याला पाठवायची, असं ठरलंय.

शेवटच्या पानाच्या मसुद्यात एकाने लिहिलंय: "हा मजकूर मोफत आहे. कोणीही कसाही वापरावा."

मला ही दोन्ही वाक्यं खटकतात. 'मोफत' हा शब्द फक्त किमतीबद्दल बोलतो. पैसे पडत नाहीत, एवढंच त्यातून कळतं. पुढे काय करायची परवानगी आहे, हे त्यात कुठेच येत नाही. देवळाबाहेर वाटलेली दिनदर्शिका मोफत असते, पण म्हणून तिच्यातली चित्रं उचलून आपल्या पुस्तकात छापता येत नाहीत. उलट खुल्या परवान्याचा मजकूर विकताही येतो आणि विकत घेतला तरी तो खुलाच राहतो. आणि 'कसाही वापरावा' हे तर सरळ चूक आहे. एसआरडी ५.१ ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० परवान्याखाली (श्रेय द्या आणि वापरा, अशा धर्तीचा तयार खुला परवाना) आहे, त्यात अटी आहेत. थोड्या आहेत, पण आहेत.

तर 'ओपन'ला मराठीत काय म्हणायचं? खुला, मुक्त, मोकळा? आणि 'लायसन्स'ला परवानाच म्हणायचं का? हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. पोरं शेवटचं पान वाचून जे समजतील तसंच वागतील.

वीसकोनी

भावा, 'खुला' लिही. 'मुक्त' वाईट नाही, मुक्त विद्यापीठात फी भरावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मुक्त म्हणजे मोफत असा घोळ होऊ नये. पण नामाला जोडून आला की 'मुक्त' उलटा अर्थ देतो: करमुक्त, तंबाखूमुक्त. 'नियममुक्त' म्हटलं तर नियमच नाहीत असं वाटेल. 'खुला'ला ती अडचण नाही.

जुन्या ओपन गेम लायसन्समधले शब्दही विचारात घे, कारण आपल्याकडे फिरणाऱ्या निम्म्या पीडीएफ त्याच्याच आहेत. २००० साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या कंपनीने, ते आणलं. त्यात पुस्तकाचे सरळ दोन भाग पडतात. एक 'ओपन गेम कंटेंट', म्हणजे नियम आणि त्यांवर बेतलेलं सगळं. दुसरा 'प्रॉडक्ट आयडेंटिटी', म्हणजे पात्रांची नावं, देवदेवता, कथानक, बोधचिन्हं, चित्रं. पहिला खुला, दुसरा राखीव. मराठी पुस्तकांवर 'सर्व हक्क राखीव' छापतातच, त्यामुळे 'राखीव' कुणाला समजवावा लागणार नाही.

हा फरक भाषांतरात कुठे चावतो ते बघ. मूळ पुस्तकात एका मंत्राचं नाव 'मेल्फ्स ॲसिड ॲरो' आहे. एसआरडीमध्ये तोच मंत्र नुसता 'ॲसिड ॲरो' आहे. मेल्फ हे पात्राचं नाव, ते राखीव ठेवलं आणि मंत्राचा नियम खुला केला. 'एव्हर्ड्स ब्लॅक टेंटॅकल्स'मधला एव्हर्ड असाच गळला. आता आपल्यातला एखादा उत्साही भाषांतरकार जुन्या पुस्तकावरून आठवेल तसं 'मेल्फचा आम्लबाण' लिहून गेला, तर त्याने खुल्या मजकुरात राखीव माल आणून ठेवला. पुढच्या वीस जणांना ते कळणारही नाही. म्हणून भाषांतर करताना समोर एसआरडीच हवी, स्मरणशक्ती नको.

पाटीपेन्सिल

'खुला मजकूर' ठीक. माझा आग्रह 'परवाना'बद्दल आहे.

परवाना आपण मागायला जातो. अर्ज, शुल्क, शिक्का, मुदत, नूतनीकरण, हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं आहे. बंदुकीचा परवाना, दुकानाचा परवाना, वाहन चालवायचा परवाना. आपण ज्याबद्दल बोलतोय तिथे कुणाकडे काही मागायचंच नाही. लेखकाने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय की अमुक अटी पाळा आणि वापरा. याला मराठीत सुरेख शब्द आहे: मुभा. मुळात अरबीतून आलेला, अर्थ 'करायला हरकत नसलेलं'. "मुलांना उशिरा यायची मुभा आहे" म्हणताना ती कुणीतरी दिलेली असते, तिला मर्यादा असते, आणि दर वेळी विचारावं लागत नाही. तिन्ही अंगं बरोबर बसतात.

म्हणून माझी सूचना: कायदेशीर दस्तऐवजाचं नाव घेताना 'परवाना' राहू द्या, पण वाचकाला समजावताना 'मुभा' वापरा. "या मजकुराची नक्कल करायला, बदल करायला, भाषांतर करायला आणि विकायलाही मुभा आहे, मात्र..." आणि मग अटी. 'मुभा आहे, मात्र' हा वाक्याचा साचाच मराठीत तयार आहे. 'मोफत आहे; मात्र' म्हटलं की पुढे आता काहीतरी छुपी किंमत येणार असं वाटतं.

वीसकोनी

मुभा आवडला. एक अडचण आहे. दिलेली मुभा काढूनही घेता येते. "आजपासून ही मुभा बंद" असं आपण सहज म्हणतो. आणि २०२३ च्या जानेवारीत सगळं रण याच एका अर्थावरून पेटलं होतं.

जुन्या ओपन गेम लायसन्समध्ये 'परपेच्युअल' शब्द होता, 'इर्रिव्होकेबल' नव्हता. कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला, त्यात जुन्या परवान्याला यापुढे अधिकृत मानणार नाही, अशी तरतूद होती. शिवाय मोठ्या प्रकाशकांकडून साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर स्वामित्वधन मागितलेलं. वीस-बावीस वर्षं लोकांनी ज्याच्या भरवशावर धंदे उभे केले, त्याचा पायाच हलला.

मराठीत हा फरक नेमका पकडता येतो. 'परपेच्युअल' म्हणजे बेमुदत. बेमुदत संप पुकारतात आणि मागेही घेतात. मुदत ठरलेली नाही एवढंच तो शब्द सांगतो. 'इर्रिव्होकेबल' म्हणजे मागे न घेता येणारी. शेवटी २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला आणि वर एसआरडी ५.१ सीसी-बाय ४.० खाली दिली. त्या परवान्यात 'इर्रिव्होकेबल' स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा पानावर 'मागे न घेता येणारी मुभा' असं पूर्ण लिहायला हवं. लांब झालं तरी चालेल.

कागदकात्री

शब्द चांगले चाललेत, पण गंगावेस यांनी वागण्याचा विषय काढलाच आहे म्हणून विचारतो.

एखाद्या छोट्या प्रकाशकाची पीडीएफ मी पैसे देऊन घेतली. आत लिहिलंय की सगळे नियम आणि राक्षसांची आकडेवारी खुला मजकूर आहे. मी राखीव नावं आणि चित्रं वगळून बाकी सगळं टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं. कायद्याने मी चुकलो नाही. मग लोक तोंड का वाकडं करतात? खुलं म्हणजे खुलं. ज्याला वाटून घ्यायचं नव्हतं त्याने खुलं करू नये. मुभा द्यायची आणि ती वापरली की रागवायचं, ही रीत बरी नव्हे. उद्या कुठलीही खुली गोष्ट वापरताना लेखकाला काय वाटेल याचा अंदाज घेत बसायचं, तर परवान्याचा उपयोग काय राहिला?

गंगावेस

कागदकात्री, तुमचा मुद्दा कच्चा नाही, म्हणून नीट उत्तर देतो.

"ज्याला नको होतं त्याने खुलं करू नये" हे सीसी-बाय घेणाऱ्याला लागू होतं. त्याने आपणहून निवड केली. ओपन गेम लायसन्सचं तसं नाही. त्यात खुल्या मजकुरावर बेतलेलं जे काही असेल तेही खुलंच ठरतं. छोट्या प्रकाशकाला पायाभूत नियम वापरायचे होते, तर आपले नवे नियम खुले करण्यावाचून त्याला वाटच नव्हती. सही त्याने केली हे खरं, पण ते देणं त्या अटीमुळे आलं. त्याने उदार होऊन दिलं असं समजून आपण त्यावर हात मारणं मला पटत नाही.

दुसरं, तो मजकूर खुला ठेवण्यामागचा हेतू काय होता? एकाने लिहिलेला राक्षस दुसऱ्याने आपल्या साहसात, म्हणजे खेळायच्या कथानकात, घ्यावा, तिसऱ्याने त्यात सुधारणा करावी, भाषांतर व्हावं. यातलं काहीही तुम्ही करा, मी पहिला टाळी वाजवीन, अगदी प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी केलंत तरी. पण पूर्ण पुस्तक जसंच्या तसं, स्वतःची एक ओळ न घालता, ते अजून विकलं जात असताना वाटणं, यातून नवं काही उभं राहत नाही. होतं एवढंच की ज्याचं पुढचं पुस्तक या पुस्तकाच्या विक्रीवर अवलंबून आहे, त्याचं ते पुढचं पुस्तक येत नाही. दोन माणसांच्या प्रकाशनाला शंभर प्रती कमी खपल्या तरी ते जाणवतं.

मोठ्या कंपनीच्या एसआरडीला हा युक्तिवाद मी लावत नाही. ती वाटण्यासाठीच काढलेली आहे. ती जितकी फिरेल तितकी चांगली. पुस्तक छापील बाजारातून संपलंय, प्रकाशक बंद पडलाय, अशा वेळी तर खुला मजकूर जपून वाटत राहणं हे मी चांगलं काम समजतो. तो परवाना नसता तर ते नियम कायमचे गेले असते.

मधल्या जागेत, म्हणजे हयात, छोटा, आजही विकणारा लेखक असेल तर एक पत्र लिहावं. परवानगी मागायला नव्हे, ती आहेच. "तुमचे नियम मराठीत आणतोय, पूर्ण संच काही महिन्यांनी वाटू, चालेल ना?" एवढंच. याला कायदा म्हणत नाहीत, रीत म्हणतात. आणि उत्तर 'नको' आलं तरी तुम्हाला मुभा राहतेच. तेव्हा काय करायचं हे तुमच्यावर.

पाटीपेन्सिल

गंगावेस यांच्याशी सहमत. आता श्रेयाबद्दल, कारण मुळात तिथेच जास्त हेळसांड होते.

मराठी पुस्तकात 'ऋणनिर्देश' असतो. आईवडील, मित्र, मुद्रक, ज्यांनी चहा पाजला ते. ते सौजन्य आहे, नाही लिहिलं तर कुणी जाब विचारत नाही. खुल्या परवान्यातला नामोल्लेख ही त्या जातीची गोष्ट नव्हे. त्याला 'ऋणनिर्देश' म्हटलं की तो ऐच्छिक वाटायला लागतो. 'श्रेयनोंद' म्हणा. सीसी-बाय ४.० मध्ये मूळ कर्त्याचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा, आणि आपण बदल केला असेल तर तसं सांगणं, हे सगळं त्या नोंदीत यायला लागतं. भाषांतर हा बदलच आहे. नोंद गाळली तर मुभाच संपते. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर ती आपोआप परत मिळते, ही चांगली सोय आहे.

ओपन गेम लायसन्समध्ये तर कलम १५ खाली साखळीच असते. तुम्ही ज्यांचं घेतलं त्यांची नोंद, त्यांनी ज्यांचं घेतलं त्यांची नोंद, आणि शेवटी तुमची. काही पुस्तकांत ती यादी पानभर जाते. लोकांना ती कंटाळवाणी वाटते आणि पीडीएफ फिरवताना नेमकं तेच पान काढून टाकतात. अभंग हजारो तोंडी फिरले, पाठ बदलले, चाली बदलल्या, पण 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' गाळून कुणी गात नाही. कर्त्याचं नाव रचनेच्या आतच ओवलेलं आहे. आपल्याला ते पान वेगळं काढता येतं, म्हणून जबाबदारी जास्त.

कागदकात्री

पत्राचं पटलं. पूर्ण पटलं नाही, पण रीत म्हणून पटलं. श्रेयनोंदीवर वादच नाही. कोल्हापुरात तरी तो होऊ नये. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने आपली कोल्हापुरी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आख्खं गाव नावासाठीच बोलत होतं.

वीसकोनी

चपलेचं उदाहरण भावनेला बरोबर आहे, पण कायद्याला नाही. तिथे २०१९ चं भौगोलिक मानांकन आहे. ते एका प्रदेशातल्या कारागिरांचं असतं आणि नाव कोणी वापरावं ते ठरवतं. इथे प्रश्न लेखनाच्या हक्काचा. आणि लेखनातही नियमाची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर कॉपीराइट नाही, मांडणीवर आहे, हे स्वच्छ सांगितलंय. "वीस बाजूंचा फासा टाक, त्यात बेरीज कर, पंधरा किंवा जास्त आले तर वार लागला" ही पद्धत कुणीही वापरावी. ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द मात्र लेखकाचे. भाषांतर शब्दांचं होतं, म्हणून आपल्याला मुभा लागते.

गंगावेस

सगळ्यांचं धरून शेवटचं पान असं केलंय. कुठे अडखळतं ते सांगा.

"या पुस्तिकेत विझार्ड्स ऑफ द कोस्ट एलएलसी यांच्या सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ मधला मजकूर आहे. तो क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली खुला आहे. आम्ही त्याचं मराठी भाषांतर केलं आहे आणि काही उदाहरणं बदलली आहेत. मूळ कंपनीचा या भाषांतराशी संबंध नाही. आमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं आहे. त्याची नक्कल करायला, त्यात बदल करायला, ते वाटायला आणि विकायला मागे न घेता येणारी मुभा आहे. मात्र ही श्रेयनोंद पूर्ण ठेवावी आणि तुम्ही केलेला बदल तिच्यात जोडावा."

'मोफत' शब्द कुठेही ठेवलेला नाही. स्पायरलचे पैसे घ्यावे लागतील, ते वेगळं सांगू.

पाटीपेन्सिल

चांगलं उतरलंय. 'आंतरराष्ट्रीय' नावाचाच भाग आहे, राहू द्या. विझार्ड्सने एसआरडीत आपल्याला हवी ती श्रेयनोंद इंग्रजीत दिली आहे, ती मराठी नोंदीखाली जशीच्या तशी छापा. भाषांतरित नोंद वाचकासाठी, मूळ नोंद अटीसाठी. आणि परवान्याचा पत्ता पूर्ण अक्षरांत छापा. झेरॉक्सच्या कागदावर निळा अधोरेखित शब्द दाबून काही उघडत नाही.

वीसकोनी

गॉब्लिन राक्षसाच्या पानावर 'आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७' (त्याला वार लागणं किती अवघड, आणि तो किती वार सोसतो, त्याचे आकडे) असंच ठेवलंय की 'चिलखत अंक' वगैरे केलंय? त्यासाठी वेगळा धागा काढतो. त्यावर माझं बरंच म्हणणं आहे.