जमवलेलं बघून कधी होणार?

घरून काम सुरू झालं तेव्हा पहिला हिशोब मी सिनेमाचा मांडला होता. जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास वाचणार, म्हणजे रोज एक सिनेमा. वर्षाचे तीनशे तरी कुठे गेले नाहीत. आता चौथं वर्ष संपतंय. मागच्या वर्षी अथपासून इतिपर्यंत, मध्ये न उठता पाहिलेले सिनेमे 11. त्याच वर्षात घेतलेल्या डिस्क 64.

परवा मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने माझ्या पाठीमागच्या फडताळाकडे बघत विचारलं, "तिसऱ्या ओळीतला तो निळ्या कडेचा संच कसा आहे रे?" मी तोंडभरून कौतुक केलं. नंतर उठून बघितलं तर त्याचं प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. रात्री बसून सगळ्याच मोजल्या. 412 पैकी 137 तशाच, कोऱ्या करकरीत.

वेळ नाही म्हणावं तर दिवसभर घरातच असतो. पण त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत सिनेमा लावला की वीस मिनिटांत हात आपोआप मेल उघडायला जातो. मग राहिलेला सिनेमा उद्यावर ढकलायचा आणि झोपायच्या आधी आणखी एक डिस्क मागवायची. तेवढंच सिनेमासाठी काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तर सिनेमावेड्या मंडळींनो, तुम्ही काय जमवता आणि त्याचं पुढे करता काय? उपदेश नकोत, अनुभव लिहा.

* * *

मी तिकिटं जमवते, शाळेत होते तेव्हापासून. जुनी तिकिटं पातळ रंगीत कागदाची, पण शाईने छापलेली. अजून अक्षर न् अक्षर वाचता येतं. नंतर आली ती गुळगुळीत पांढरी, दुकानातल्या पावतीसारखी. त्यांच्यावर शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, तो तापला की काळा होतो, तीच अक्षरं. हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

पांढरी तिकिटं पुसट व्हायला लागली म्हणून हौसेने लॅमिनेशनचं छोटं यंत्र घेतलं. पहिलं तिकीट गरम रुळांतून आत गेलं पांढरं आणि बाहेर आलं काळंभोर, कोळशासारखं. मला वाटलं, यंत्रात बिघाड आहे. म्हणून दुसरं घातलं. (हो, तिसरंही घातलं.)

बाकीच्यांचे आता फोटो काढून ठेवलेत. ती तीन काळी तिकिटं मात्र वहीत चिकटवली आहेत, खाली पेन्सिलीने सिनेमाचं नाव आणि सोबत कोण होतं ते. एकाचा सिनेमा काही केल्या आठवेना. सोबत कोण होतं ते आठवतं.

* * *

मी काहीच विकत घेत नाही, फक्त याद्या करतो. 'बघायचे आहेत'च्या यादीत सध्या 1,900 नावं आहेत. रोज एक पाहिला तरी पाच वर्षांच्या वर लागतील, आणि यादी दर आठवड्याला दहाने वाढते. सोपं त्रैराशिक आहे, मी सोडवत नाही.

* * *

माझं पोटच सिनेमावर आहे. सबटायटल्स करते, घरूनच. दोनच ओळी, ओळीत जास्तीत जास्त 42 अक्षरं, एक तुकडा पडद्यावर 7 सेकंदांच्या वर ठेवायचा नाही, आणि जमलं तर दृश्य बदलायच्या आत उतरवायचा. नायक तावातावाने दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा मी गाळते आणि तरी अर्थ पोचला पाहिजे. काल दिवसभरात एक बाई माझ्यासमोर चौदा वेळा दार आपटून घराबाहेर गेली. पंधराव्या वेळी मी तिच्या आधी उठले.

संध्याकाळी कुणी "सिनेमा लावूया का?" म्हटलं की अंगावर काटा येतो. डोळे चेहऱ्यावर जातच नाहीत, थेट पडद्याच्या खालच्या कडेला. यावर उपाय म्हणून मूकपट जमवायला लागले. संवादच नाहीत, कटकट नाही! तर तिथे मधे पाट्या येतात. परवा एका पाटीला मी मोठ्याने म्हणाले, "दोन सेकंद जास्त."

एक फायदा मात्र झाला. तेव्हाचे कॅमेरे बहुतेक हाताने फिरवायचे, त्यामुळे सेकंदाला कधी 16 चौकटी, कधी 20, असा मामला. 24 चा आकडा पक्का झाला तो बोलपटांनंतर. जुनी फीत 24 ने पळवली की माणसं तुरुतुरु धावतात, आणि आपण समजतो तेव्हाचा अभिनयच तसा होता. नीट वेगाच्या प्रतीत तीच माणसं सावकाश चालताना पाहिली तेव्हा खूप दिवसांनी मी शेवटपर्यंत बसले.

* * *

वडिलांनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या सव्वाशे व्हीएचएस कॅसेट माझ्याकडे आल्या. कडेला चिकटवलेल्या पट्ट्यांवर त्यांच्याच अक्षरात नावं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. त्यामुळे माझं यंत्र बंद पडलं की जुन्या यंत्रांचे सुटे भाग शोधत फिरतो.

कॅसेट डिजिटल करायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. ऑफिसला जात असतो तर हे काम जन्मात झालं नसतं. सकाळी लॉगिन केलं की एक लावतो, दुपारी दुसरी. लावण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फितीचं वेटोळं उजेडात बघतो. कडेला पांढरट पावडर दिसली की ती बुरशी, ती कॅसेट बाजूला. एकदा तशीच लावली होती, ती बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या दोन कॅसेटही खराब झाल्या.

एकदा कॅसेट चालू असताना माइक बंद करायचा राहिला. पडद्यावर नेमकं कुणीतरी मरत होतं आणि आई हंबरडा फोडत होती. मीटिंगमध्ये शांतता पसरली. नंतर मॅनेजरने फोन करून हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना? सुटी हवी असेल तर घ्या."

यातले बहुतेक सिनेमे आज उत्तम प्रतीत मिळतात, ते माझ्याही लक्षात आहे. पण जाहिराती आल्या की वडील रेकॉर्डिंग थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायला दर वेळी चार-पाच सेकंद उशीर करायचे. म्हणून आमच्या घरच्या प्रत्येक सिनेमात ब्रेकनंतरचं पहिलं वाक्य अर्धंच आहे. मी लहानपणापासून ते सिनेमे तसेच पाहिलेत. पूर्ण वाक्य ऐकू आलं की चुकल्यासारखं होतं.

* * *

इथे मी बोलावं की नाही ठाऊक नाही. जमवतो नवरा, मी फक्त त्यातून वाट काढत चालते. दोघंही घरून काम करतो. माझ्या महत्त्वाच्या कॉलच्या वेळीच बेल वाजते आणि हा "ऑफिसचं पार्सल आलं वाटतं" म्हणत धावतो. याच्या ऑफिसला इतके सिनेमे लागतात?

एकदा आवरताना एकच सिनेमा चार वेळा सापडला. व्हीएचएस, डीव्हीडी, ब्लू-रे आणि वर 4के. मी चारही टेबलावर ओळीने मांडले आणि म्हटलं, "बोल." त्याने न बोलता आधी कॅसेट लावली, मग तेच दृश्य ब्लू-रेवर. कॅसेटमध्ये एक माणूस खुर्चीशी बोलत होता आणि डाव्या कडेला नुसतं एक नाक दिसत होतं. ब्लू-रेवर कळलं, ते नाक नायिकेचं आहे आणि ती सबंध दृश्यभर रडते आहे. 2.39 ला 1 अशा रुंद चौकटीतलं चित्र जुन्या चौकोनी टीव्हीत पूर्ण भरायचं म्हणजे जवळजवळ 44 टक्के चित्र कापायला लागतं, असं त्याने मग सांगितलं.

पटलं मला. कॅसेट आणि डीव्हीडी काढून टाक म्हटलं, तर म्हणतो, "त्या नाकासाठी ठेवल्यात."

* * *

पोस्टरवाल्यांसाठी माझी चूक. कामाच्या टेबलामागे भिंतीवर मूळ छापाचं पोस्टर लावलं होतं, समोर खिडकी. मॉनिटर पोस्टरच्या खालच्या भागासमोर. दोन वर्षांनी टेबल हलवलं तेव्हा दिसलं की सगळं पोस्टर निळसर पडलंय, आणि खाली मॉनिटरच्या आकाराचा लालभडक तुकडा, स्टँडच्या दांड्यासकट. छापील रंगांत लाल आणि पिवळा उन्हाने आधी उडतात, निळा मागे उरतो. कडा साध्या चिकटपट्टीने जोडल्या होत्या, तिथे तपकिरी डाग पडले ते वेगळेच. आता उरलेली पोस्टरं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्यांत, आडवी, अंधारात. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका, काही वर्षांनी शाईच त्यांना चिकटून येते.

कागद कशाला जपायचा म्हणणाऱ्यांना मी 'आलम आरा' सांगते. 1931 चा तो बोलपट आज कुठेही उपलब्ध नाही. आहेत ते त्याचे फोटो आणि जाहिराती.

* * *

पहिल्यांदा लिहिणाऱ्याला एक विनंती: त्या 137 उघडा. न वापरलेली डिस्क सुरक्षित असते, हा भ्रम आहे. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. तो जोड सुटला, हवा आत गेली की चकाकणारा धातूचा थर खराब होतो. दिव्यासमोर धरून बघा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात का. माझ्या एका संचातल्या पाच डिस्क अशाच गेल्या, एकदाही न लावता. दुहेरी थरांच्या डिस्क तर अर्धा सिनेमा गुण्यागोविंदाने दाखवतात आणि थर बदलताना अडकतात. पूर्ण लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

* * *

धागा काढणारा मीच. काल रात्री हे वाचून उठलो, दिवा लावला आणि तो निळ्या कडेचा संच फोडला. डिस्क दिव्यासमोर धरली. भोकं नव्हती, एक ओरखडासुद्धा नव्हता.

वर नाव मात्र भलत्याच सिनेमाचं. कारखान्यातच अदलाबदल झालेली असणार. संच घेऊन सहा वर्षं झाली, बदलून कोण देणार? आता उरलेल्या 136 ही उघडणं आलं.

लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवून आलो आणि जी डिस्क होती तीच लावली, पूर्ण पाहिली. हा सिनेमा माझ्याकडे होताच. पाचव्या ओळीत, वेष्टणासकट.