ओएलटीवर दुपारी 'हार्डवेअर फेल्युअर', संध्याकाळी आपोआप क्लिअर. कार्ड बदलायचं का?

शिरोली_केबल
मंडळी जरा बघा की. शिरोली एमआयडीसीच्या बाजूला आमचा जीपॉनचा (फायबर नेटचा) ओएलटी आहे, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना फायबरवरून नेट सोडणारं मुख्य मशीन, रॅक पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेजारी फाउंड्री. गेल्या आठवड्यापासून दुपार झाली की त्यातल्या एका पॉन कार्डचा (गिऱ्हाइकांच्या फायबरचे पोर्ट असलेलं कार्ड) एलईडी लाल होतोय, सॉफ्टवेअरात 'हार्डवेअर फेल्युअर' मेजर (गंभीर) अलार्म म्हणून येतंय आणि पोर्ट ३ वरची सगळी गिऱ्हाईकं एका दमात पडतात, मग फोन उचलून उचलून जीव जातोय. संध्याकाळी गार झालं की अलार्म आपला आपण जातो. सप्लायरचा माणूस फोनवरच म्हणाला कार्ड गेलंय, नवीन घ्या. किंमत ऐकून गपच बसलो. घेऊ का?

बिंदू_चौक_००९
घेऊन टाक भावा, अलार्ममध्येच हार्डवेअर म्हणतोय की.

स्प्लायसर_दादा
अजिबात घेऊ नकोस. मेलेलं कार्ड संध्याकाळी उठून बसत नाही. तो अलार्म एवढंच सांगतो की आत कुठलीतरी लिमिट ओलांडली, कुठला पार्ट गेला ते तुलाच शोधायला लागणार. अलार्म हिस्टरी काढ आणि टाइम बघून सांग की लाल व्हायच्या आधी काय काय आलं होतं. मायनर (किरकोळ) अलार्म कुणी वाचत नाही, आणि खरी गोष्ट तिथंच असते. दुसरं, दुपारी अलार्म चालू असतानाच एसएफपीचं (पोर्टात बसणारं लेझरचं मॉड्यूल) डीडीएम घे, म्हणजे त्याचं स्वतःचं रीडिंग: टेंपरेचर, बायस करंट (लेझरला जाणारा करंट), टीएक्स पॉवर (बाहेर पडणारा उजेड). एकट्या पोर्ट ३ चं नको, त्याच कार्डावरच्या शेजारच्या पोर्टांचंही घे.

रंकाळा_नेट
आणि पॉवर बघ. मल्टीमीटर थेट ओएलटीच्या टर्मिनलला लाव, रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या सप्लायच्या) डिस्प्लेवर विश्वास ठेवू नको. दुपारी फाउंड्रीचा लोड चढला की व्होल्टेज खाली येतंय का ते कळेल. आणि पोर्ट ३ ला पॅचकॉर्डनं लूपबॅक मारून बघ, म्हणजे त्याचाच सिग्नल त्यालाच परत दे, लगेच समजतंय.

स्प्लायसर_दादा
व्होल्टेजचं बरोबर, लूपबॅकचं नाही. जीपॉनच्या ओएलटी एसएफपीतून १४९० नॅनोमीटर बाहेर जातं आणि १३१० आत येतं, स्वतःचाच उजेड त्याला दिसणार नाही. लूपबॅक अपलिंकच्या (इंटरनेटकडं जाणाऱ्या लाइनच्या) दोन फायबरवाल्या एसएफपीला चालतो, आणि तिथंही ८० किमीवाला असेल तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर (उजेड कमी करणारा तुकडा) टाकल्याशिवाय नको, नाहीतर चांगला रिसीव्हर हातानं मारशील.

शिरोली_केबल
दादा बघितलं. व्होल्टेज दुपारीपण ५३ च्या वर, हलत नाही. हिस्टरीत आधी फॅन स्पीड मायनर, मग टेंपरेचर, आणि मग हार्डवेअर. फॅन मायनर तर महिनाभर पडून होता. पोर्ट ३ चा एसएफपी ७४ डिग्रीवर आणि बायस शेजारच्यांच्या दुपटीच्या वर. टीएक्स पॉवर मात्र ठीक दिसतेय, मग बायस का वाढलाय?

स्प्लायसर_दादा
टीएक्स ठीक आहे ती बायसच्या जिवावर. लेझर म्हातारा झाला किंवा तापला की तेवढाच उजेड द्यायला त्याला जास्त करंट लागतो, आतलं सर्किट तो वाढवत नेतं आणि शेवटी लिमिटला अडकतं. त्यात साध्या एसएफपीची हद्दच ७० डिग्री. आता हे म्हातारपण की नुसता ताप, ते आधी फॅन साफ केल्यावरच कळेल. फॅन ट्रे काढ, फिल्टर धुवून पूर्ण वाळवूनच बसव. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेव, हवेनं गरागरा फिरली की बेअरिंग जातं. फाउंड्रीची धूळ आहे, त्यात लोखंडाचा बारीक कण असतो, कार्डाच्या कॉन्टॅक्टवर जाऊ देऊ नकोस. मग रात्री ट्रॅफिक कमी असताना पोर्ट ३ आणि ४ चे एसएफपी अदलाबदल कर.

शिरोली_केबल
लई भारी दादा. फिल्टर म्हणजे नुसती काळी गोधडी झालेली, पलीकडचा उजेड दिसत नव्हता. धुवून बसवल्यावर कालच्या दुपारी एसएफपी ५५ च्या आसपास आणि बाकीच्या पोर्टांचा बायसपण उतरला. अदलाबदल केल्यावर जास्तीचा बायस पोर्ट ४ वर गेला, म्हणजे कार्ड आणि स्लॉट चांगले, एसएफपीच दमलाय. अलार्म आला नाही पण एसएफपी बदलणारच. दुकानात सी प्लस (जास्त पॉवरचा प्रकार) मिळतोय, जुना बी प्लस होता. चालेल का?

स्प्लायसर_दादा
चालेल, पण जवळची गिऱ्हाईकं बघून. सी प्लस ७ डीबीएमपर्यंत सोडतो आणि ओएनटीला (गिऱ्हाइकाकडच्या डब्याला) उणे ८ डीबीएमच्या वर झेपत नाही. १:३२ स्प्लिटरच्या (एका फायबरचे ३२ करणारा) मागं असतील तर स्प्लिटरच १७ डीबीच्या आसपास खातो, काळजी नाही. पण शेजारच्या कारखान्यांना १:४ वरून दिलं असशील तर तिथं अ‍ॅटेन्युएटर लाव, नाहीतर सिग्नल फुल आणि नेट बंद अशी तक्रार येईल. आणि जुना काढताना फायबरच्या तोंडात डोकावू नको, १४९० डोळ्याला दिसत नाही.

बिंदू_चौक_००९
आमच्याकडं पण फॅन मायनर आहे, उद्या चढतो शिडीवर.