सेकंडहँड बाइकचा गिअर अडकतो? तुमचा अनुभव लिहा

नेरूळकर
मार्चमध्ये १५० सीसीची बाइक घेतली. २०१५ची, पासिंग एमएच-४३, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. बघायला गेलो तेव्हा इंजिन थंड होतं, सोसायटीतच दोन फेऱ्या मारल्या आणि गिअर छान पडले. दुसऱ्या दिवशी पाम बीचवरून वाशीला जाताना सिग्नलला न्यूट्रल लागेना. पहिला, दुसरा, परत पहिला. पहिला टाकला की 'खडाक'.

गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन उघडावं लागेल, आठ हजार धरून चाला. मन घेईना. घरी आणून मेन स्टँडवर लावली. इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकला, पाचही सुरळीत पडले. इंजिन चालू केलं की मात्र अडकायचे. म्हणजे क्लचची लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता. लिव्हरवरचं रबर मागे सारलं तर क्लच वायरच्या टोकाशी सात-आठ तारा तुटून झाडूसारख्या फिसकारलेल्या. उरलेल्या तारांवर सगळा ताण, आणि लिव्हर दोन बोटं रिकामीच फिरत होती. नवी वायर घातली, टोकाशी १० ते १५ मिमी मोकळीक ठेवली. तीनशेच्या आत काम झालं.

आपल्याकडे पुष्कळांची पहिली बाइक सेकंडहँडच असते, आणि गिअर अडकला की माणूस घाबरून इंजिन उघडायला हो म्हणतो. म्हणून हा धागा. लक्षण काय होतं, कारण काय सापडलं ते लिहा. गॅरेजांची नावं नकोत.

कळवा ते ऐरोली
भावाची जुनी १२५ मी ड्युटीला वापरते. सकाळी सातला गाडी एकदम गुळगुळीत. दुपारी परत येताना विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकले की गिअर जड व्हायचा, आणि कळव्याच्या पुलावर चढताना रेस वाढायची पण गाडी ओढायची नाही. भावाला खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरातल्या कारचं उरलेलं ऑइल हिच्यात ओतलं होतं. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, त्यामुळे क्लचच्या प्लेटी घसरतात. शिवाय तेच ऑइल गिअरच्या दातांमध्ये भरडलं जाऊन पातळ होतं. काढलं तेव्हा पाण्यासारखं खाली पडलं. आता डब्यावर 'जासो एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघूनच घेते, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला १०डब्ल्यू-३०. गिअर लगेच हलका झाला, घसरणं थांबायला मात्र ऑइल दुसऱ्यांदा बदलावं लागलं.

गायमुखचा
घाटात गाडी आडवी झाली होती. गिअरचा दांडा आत वाकून कव्हरला घासत होता, वर उचलला की खालीच अडायचा. सरळ करून घेतला. सेफ्टी शूज घालतो, बोट खाली जात नव्हतं, म्हणून दांडा त्याच्या दातेरी शाफ्टवर एक दात वर बसवून घेतला. तेवढंच.

वागळे इस्टेट, २२ वर्षं हेच काम
नेरूळकरांनी केलेली चाचणी बरोबर आहे, सगळ्यांनी आधी तीच करावी. पुढचं मी सांगतो. वायर नवी, ऑइल योग्य, तरी गरम झाल्यावर न्यूट्रल लागत नसेल तर उजवं कव्हर काढून क्लचचा डबा बघा. प्लेटींचे कान ज्या खाचांमध्ये सरकतात त्यांच्या कडेवरून नख फिरवा. नख ठेचकाळलं तर तिथे घर पडलंय. प्लेट त्या घरात अडकते, मोकळी होत नाही. अशा वेळी नुसत्या नव्या प्लेटी टाकून पैसे घालवू नका, डबाच बदला. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बघा, वाकलेली असेल तर डुलते.

गिअर टाकल्यावर दांडा आपणहून जागेवर येत नसेल तर शाफ्टची स्प्रिंग गेली. बहुतेक गाड्यांत ती त्याच कव्हरच्या आत असते, त्यासाठी पूर्ण इंजिन फोडायचं कारण नाही. चेनही बघा. सैल चेन गिअर बदलताना हिसका देते आणि गिऱ्हाईक म्हणतं गिअरबॉक्स गेला. आणि चालवताना पाय दांड्यावर टेकवून ठेवू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क झिजतो. ही सवय मोडा, हात जोडून सांगतो.

तुर्भे
माझ्या गाडीचं खरंच इंजिन उघडावं लागलं, म्हणून लिहितोय. मुंब्रा बायपासच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला की दुसरा गिअर सुटून न्यूट्रलमध्ये यायचा. बाकीचे गिअर ठीक, दुसराच. वायर, ऑइल, चेन सगळं करून झालं. उघडल्यावर गिअरच्या अंगावरच्या ज्या खुंट्या शेजारच्या गिअरमध्ये अडकतात त्यांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, फोर्कही वाकलेला. नऊ हजार गेले. एकच ठरावीक गिअर जोर लावताना सुटत असेल तर चालवत राहू नका. ट्रकच्या पुढे असताना गाडीचा जोर अचानक जातो, मी ते अनुभवलंय.

ठाणे पश्चिम
जुलैत वंदना डेपोसमोर गुडघाभर पाण्यातून काढली. आठवड्याने गिअर खरखरीत. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं. दोनदा बदललं तेव्हा स्वच्छ झालं.

घणसोली
माझ्या बाइकला मेन स्टँडच नाही, फक्त साइड स्टँड. चाक फिरवून चाचणी कशी करू?

वागळे इस्टेट, २२ वर्षं हेच काम
साइड स्टँडवर तिरकी करून चाक उचलू नका, अंगावर येईल. सपाट जागी इंजिन बंद करून बसा, मागून कोणाला तरी हळू ढकलायला सांगा. क्लच दाबून एकेक गिअर टाकत जा. एखादा पडला नाही तर गाडी वीतभर पुढेमागे हलवा, दात समोर आला की पडेल. तरीही नाही पडला तर गाडी घेऊन या, बघू.