बैठ्या जीवनशैलीवरील संशोधनात सहभागी व्हावे का?

मृणाल, कोथरूड

सर्वांना नमस्कार. मी ४७ वर्षांची असून बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत आणि उरलेला वेळ कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीत जातो. गेल्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. औषध अद्याप सुरू केलेले नाही. आमच्या सोसायटीच्या फलकावर एका संशोधन केंद्राचे पत्रक लागले असून, नियमित व्यायाम न करणाऱ्या मध्यमवयीन व्यक्ती त्यांना सहा महिन्यांच्या अभ्यासासाठी हव्या आहेत. आरंभी उपाशीपोटी रक्ततपासणी, ट्रेडमिलवरची चाचणी आणि आठवडाभर कमरेला बांधायचे हालचाल मोजणारे यंत्र. त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकाला देखरेखीखाली व्यायाम द्यायचा आणि दुसऱ्याने आपला दिनक्रम आहे तसाच चालू ठेवायचा, असे त्याचे स्वरूप आहे.

दुसऱ्या गटात गेले तर सहा महिने नुसते रक्त देत राहायचे का? ‘तुझा गिनीपिग करतील’ असे यजमान म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि पहिल्याच तपासणीत अगदी लाज वाटू नये म्हणून आतापासून रोज हनुमान टेकडी चढायला सुरुवात केली तर चालेल का?

वि. द., निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र

मृणालताई, तुमची पहिली शंका रास्त आहे. परंतु तो दुसरा गट नसेल तर अभ्यासाला अर्थच उरत नाही. या विषयाची सुरुवात ज्या संशोधनापासून मानली जाते ते ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांचे काम १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना अधिक होतो, असे त्यात आढळले होते. (आपल्या कंडक्टरांना जिना नाही, पण गर्दीतून वाट काढण्याचा व्यायाम भरपूर होतो.) पुढे १९५६ साली मॉरिस यांनीच दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा तरुण वयातल्या ड्रायव्हरांच्या विजारीही कंबरेत मोठ्या निघाल्या. म्हणजे फरक जिन्यामुळे पडला की मुळात सडसडीत माणसेच कंडक्टर होत होती, हा प्रश्न शिल्लक राहिला. गट चिठ्ठीने पाडतात ते या पेचातून सुटण्यासाठी, कारण तेव्हा कोण कुठे जाईल हे माणसाच्या अंगकाठीवर किंवा हौसेवर ठरत नाही. पुष्कळ अभ्यासांत दुसऱ्या गटालाही शेवटी व्यायामाचा कार्यक्रम देतात. तुमच्या अभ्यासात तशी सोय आहे का, ते विचारून घ्या.

तुमच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा असून तुम्हाला चालण्याचा वैद्यकीय सल्ला मिळालेला आहे. असे असताना ‘दिनक्रम बदलू नका’ ही सूचना तुम्हाला कशी लागू करणार, हे नाव देण्यापूर्वी त्यांनी स्पष्ट केले पाहिजे. टेकडीचे म्हणाल तर मापनाच्या आठवड्यापुरते उत्साहाने चढल्यास आकडे खोटे ठरतात, आणि म्हणूनच त्या यंत्रांवर बहुधा पावलांचा आकडा दिसत नाही. पण अभ्यासाला बैठा माणूस हवा म्हणून कोणी मुद्दाम बसून राहू नये. डॉक्टरांनी चाला म्हटले आहे तर चाला, आणि चालते आहे असे संशोधकांना सांगा.

समिती सदस्य, सदाशिव पेठ

मी काही वर्षे एका संस्थेच्या नैतिकता समितीवर (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर) सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून काम केले आहे, म्हणून गिनीपिगच्या शंकेबद्दल लिहिते. नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा समितीवर किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत कायदा जाणणारी व्यक्ती तसेच वैद्यकाबाहेरची व्यक्ती असावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सहभाग ऐच्छिक असतो, कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि तसे केल्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. संशोधनामुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळाले पाहिजेत. प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेचा मोबदला देता येतो, मात्र तो भुरळ पडावी इतका मोठा नसावा. पत्रकावर रकमेचा आकडाच सर्वांत ठळक छापला असेल तर मला तरी तो अभ्यास संशयास्पद वाटेल.

संमतिपत्र हातात आले की आधी पानाच्या तळाशी पाहा. तिथे आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, आणि समितीने मंजूर केलेल्या प्रतीशी ती जुळली पाहिजे. समितीच्या सदस्य-सचिवांचा दूरध्वनी त्यात असायलाच हवा. पत्र घरी नेऊन वाचण्याचा वेळ मागा. ‘इथेच सही करा, मागे रांग आहे’ असे कोणी म्हणाले तर सरळ उठून या. सही केल्यानंतर एक प्रत तुमच्याकडे राहते. शिवाय २००७ पासून भारतात अशा अभ्यासांची नोंद ठेवणारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे. तिच्या संकेतस्थळावर अभ्यासाचा क्रमांक किंवा विषय टाकून शोधले की कोणाला घेणार, कोणाला वगळणार आणि समितीची मंजुरी मिळाली आहे का, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते.

एरंडवणेकर

चालणे चांगले हे माझ्या आजीलाही ठाऊक होते. त्यासाठी लोकांचे रक्त काढण्याचे प्रयोजन काय?

वि. द., निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र

किती चालावे आणि कोणी, हे आजीला ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला, परंतु त्यामागचा पुरावा बव्हंशी पाश्चात्त्य देशांतला आहे आणि आपली शरीरे वेगळी आहेत. हे आपल्याच पुण्यात दिसून आले: केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, तरीही वजनाच्या मानाने चरबी आपल्या बाळांत कमी नव्हती, स्नायू कमी होते. कमी स्नायूंच्या शरीराने खुर्चीत वर्षे काढली तर काय होते, याचे उत्तर लंडनच्या ड्रायव्हरांकडून मिळणार नाही.

शैलजा, औंध

अशाच एका अभ्यासात मी होते. यंत्राचा पट्टा कुर्त्याखाली दिसत नाही, मात्र आंघोळीला काढल्याची आणि पुन्हा बांधल्याची वेळ तक्त्यात लिहावी लागते, आणि खरा कंटाळा त्याचाच येतो. ग्लुकोजची चाचणी असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेले पाणी प्यायल्यावर दोन तास तिथेच बसावे लागते, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढा. ट्रेडमिलवर तोंडाला मुखवटा आणि छातीवर ईसीजीच्या तारा असतात, वेग वाढत जातो, पण हात वर करताच थांबवतात. माझा प्रवासखर्च मिळायला फार उशीर झाला. तो कोण देणार आणि केव्हा, हे आधीच लिहून घ्या.

मृणाल, कोथरूड

सर्वांचे आभार. समन्वयक बाईंना फोन केला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेल्या व्यक्तींना या अभ्यासात घेत नाहीत, कारण त्यांना दुसऱ्या गटात बसवून ठेवणे समितीने मान्य केले नसते, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे टेकडीला जायला मी मोकळी आहे. माझ्या जाऊबाई मात्र निकषांत बसतात. त्यांनी माहितीपत्रक घरी आणले आहे आणि दुसऱ्या गटाला शेवटी काय मिळणार याचा त्यात उल्लेख नाही, म्हणून सोमवारी तेवढे विचारूनच सही करायची असे ठरले आहे.